एका कापडाचा एकच तुकडा

३ मार्च

माणसाला अर्ध्या मीटरपेक्षा कमी कापड लागूच शकत नाही, असा कायदा कापडवाल्यांनी कधी केला ते मला कुणीतरी दाखवावं. आज सगळा बाजार पालथा घातला. जिथे जावं तिथे तेच. "अर्ध्याच्या खाली फाडत नाही, आजी."

मी म्हटलं, "आजी व्हायला मला अजून अवकाश आहे. आणि फाडा कोण म्हणतंय? कापा म्हणते मी."

कोपऱ्यावरच्या त्या शेठला कात्री ठाऊकच नाही. कडेला एक चीर देतो आणि टर्रकन ओढतो. त्याचं नाव मी फाडूशेठ ठेवून टाकलं आहे.

आजी ऑगस्टमध्ये होणार. ठमीला बाळ होणार आहे. (ठमी म्हणजे माझी एकुलती एक लेक. दाखल्यावरचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ठेंगणी होती तेव्हापासून घरात ठमीच.) बाळासाठी मी गोधडी करते आहे. विकतची गुळगुळीत दुलई नव्हे. शाळेत शिवणाच्या सिस्टरनी शिकवली तशी, कागदावरची. जाड कागदाचे षटकोन कापायचे. प्रत्येकावर कापड दुमडून कच्च्या टाक्याने बसवायचं. मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी एकेक जोडत जायचं. सहाही बाजूंनी शेजारी आले की मधला कागद काढून घ्यायचा. कापड घडीत राहतं, जागचं हलत नाही. आणि नियम एकच, एका कापडाचा एकच तुकडा. एक छाप दुसऱ्यांदा दिसली की सिस्टर उसवायला लावायच्या. बाळ पालथं पडेल, एकेका तुकड्यावर बोट ठेवेल, आणि दर वेळी काहीतरी नवं सापडेल. एवढी साधी गोष्ट आहे. दुकानदाराच्या डोक्यात ती शिरत नाही.

ठमी म्हणाली, "गोधडी झाली की ती घेऊनच ये, आई. मग राहा हवी तितकी." मी उद्याच्या गाडीनेसुद्धा जाईन. पण नाही, गोधडी झाली की. आमच्या घरात आमंत्रणालाही अट असते. ती माझ्यावर गेली आहे.

९ मार्च

शिंप्याकडे गेले. हा गृहस्थ तोंडात टाचण्या धरून बोलतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य धमकीसारखं वाटतं. पोतंभर कात्रणं दिली म्हणून मी खूश. घरी येऊन ओतलं तर सगळं शाळेच्या गणवेशाचं निळं. परत गेले.

"वेगळं काही नाही का?"

"आहे ना. आकाशी आहे."

"तोही निळाच."

"आकाशी वेगळा असतो, बाई," तो टाचण्यांमधून म्हणाला. सांगणार काय याला?

वरची खाली आली होती. ती वरच्या मजल्यावर राहते म्हणून वरची. नाहीतर तिच्यात वरचढ असं काही नाही. जुन्या गाऊनचं गाठोडं घेऊन आली. "घ्या हो, तुम्हाला चिंध्या लागतात म्हणे." डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की झुरळसुद्धा माघारी जाईल. त्यात माझ्या नातवाने नाक खुपसायचं? गोड बोलून परत पाठवलं. गोड म्हणजे माझ्या मानाने.

२२ मार्च

ठमीचा फोन. तब्येत बरी म्हणते. जिने किती चढतेस, वजन उचलतेस का, ऑफिसला जाताना बसायला मिळतं का, सगळं विचारलं.

"आई, तू उलटतपासणी घेतेस."

घेणारच. गेल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात जे झालं ते कशाने झालं? घर बदलायची घाई. बाईसाहेबांनी खोकी उचलली. मी तेव्हा दवाखान्यातच तिला सांगितलं, हे तू आपल्या हाताने केलंस. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. विहीणबाई नुसत्या तिच्या केसांवरून हात फिरवत बसल्या होत्या. त्याने काय होतं? त्यानंतर कितीतरी महिने ठमीचे फोन म्हणजे तारा आल्यासारखे, 'बरी आहे, ठेवते.' फार मनाला लावून घेतलं होतं तिने. बाळाचं.

या खेपेला नीट सांभाळते आहे. बोलण्याचा परिणाम होतो म्हणायचा.

१० एप्रिल

आज शर्टाच्या दुकानातून जुनी नमुन्यांची कार्डं मिळवली. बारीक पट्टे, चौकडे, ठिपके, प्रत्येक तुकडा तळहाताएवढा आणि प्रत्येक वेगळा. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हे आम्ही देत नाही." मी म्हटलं, "मग काय करता?" म्हणाला, "फेकतो." मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. दिली.

या आनंदात एक घोडचूक केली. पडद्यांच्या दुकानातलं नमुन्यांचं बाडही उचलून आणलं आणि त्यातली लाल-सोनेरी जाड कापडं मलमलीच्या शेजारी जोडली. जाडाने पातळाला असं ओढलं की मधे बशीसारखी खोलगट वाटी झाली. सिस्टरनी माझ्या बोटांवर पट्टी मारली असती. सगळी ओळ उसवली. वजनाला वजन बघूनच शेजार लावायचा असतो.

गोधडी पाळण्याएवढी होत आली. मेअखेर मी ठमीकडे असेन.

२४ एप्रिल

फोन केला तर जावईबापूंनी उचलला. "आई, ती झोपली आहे." काल केला तेव्हाही झोपली होती. त्याआधी अंघोळीला गेली होती. मी म्हटलं, "बरोबर आहे. या दिवसांत झोप येतेच, झोपू द्या. तुम्ही मात्र घसा बसल्यासारखे का बोलताय? मीठ-पाण्याच्या गुळण्या करा."

"हो, आई. करतो."

गरीब माणूस आहे. मी सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला, नुसत्या 'हॅलो'वरून मला कळायचं कोण भांडून बोलतंय आणि कोण उधारी मागणार आहे. याला नक्की सर्दी झाली आहे. ठमीला लागायला नको म्हणजे मिळवलं.

२ मे

अखेर बाईसाहेब बोलल्या. आवाज बसलेला. सर्दी लागलीच, मी म्हटलं नव्हतं? मी सांगितलं, "गोधडी झाली बघ. आता नुसतं अस्तर. पुढच्या आठवड्यात निघते."

ती काही बोलेना. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "आई, मोठी कर ना."

"मोठी म्हणजे?"

"म्हणजे... मोठी. पलंगाएवढी."

"अगं, बाळ येतंय की पैलवान?"

 मग म्हणाली, "लहान गोधड्या वाया जातात, आई. मोठी असली की पुढे उपयोगी पडते."

आता ही अक्कल मार्चमध्ये कुठे गेली होती? पाळण्याची पलंगाएवढी करायची म्हणजे किती कापडं लागतील! बाजार तर मी झाडून आणला आहे. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. मी जरा लावूनच बोलले. ती म्हणाली, "सावकाश कर गं. घाई नाही."

ऑगस्ट काय तिच्यासाठी थांबणार आहे?

११ मे

फाडूशेठशी निकाल लावला. सरळ आत जाऊन स्टुलावर बसले आणि म्हटलं, "प्रत्येक ताग्याची चार बोटं रुंद पट्टी द्या. नाहीतर मी इथेच बसून गिऱ्हाइकांना सांगेन की तुमचं कापड पहिल्याच धुण्यात रंग सोडतं."

"कोणतं कापड रंग सोडतं?"

"ते ज्याचं त्याला ठाऊक."

तो हसला. मग म्हणाला, "एवढ्या पट्ट्या कशाला, बाई? त्या दिवशी तर बाळाची गोधडी म्हणत होता. ती व्हायला आली असेल."

"लेकीला आता मोठी हवी आहे. पलंगाची."

"बाळासाठी?"

"बाळासाठीच होती. आता म्हणते मोठी कर, सावकाश कर, घाई नाही. आजकालच्या मुली! सकाळी एक, संध्याकाळी दुसरं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तागे खाली काढायला लागला. एकामागून एक काढत राहिला, वरच्या फळीवरचेसुद्धा, जे तो कधी कुणाला दाखवत नाही. पुढे एक शब्द बोलला नाही, पैसेही वाजवून घेतले नाहीत. अशा माणसांना एकदा दम दिला की सुतासारखी सरळ येतात.

जांभळ्यावर पांढरी पिसं असलेलं एक वॉइलचं कापड फार सुरेख आहे.

१५ जून

हद्द झाली. पलंगाएवढी होत आली म्हणून फोन केला, तर म्हणते, "आई, दोघांना पुरेल एवढी झाली तर?"

मी म्हटलं, "दोघांना, मग तिघांना, मग अख्ख्या इमारतीला. मी काय मांडव शिवते आहे?"

ती हसली. हसली म्हणजे तोंडाने तसा आवाज केला. मागे टायपिंगची खडखड, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मी म्हटलं, "तू ऑफिसात आहेस?"

"हो."

"सातव्या महिन्यात? रजा?"

"संपली."

"संपली कशी? रजा घेतलीस कधी, संपवलीस कधी? आत्ता उडवलीस तर बाळंतपणात काय घेशील? मी येते. गोधडी गेली खड्ड्यात, मी या रविवारी येते."

"नको!" अशी ओरडली की मी फोन कानापासून दूर धरला. मग हळू आवाजात म्हणाली, "नको, आई. ठरलंय ना आपलं? ती पुरी झाली की ये. पुरी झाल्याशिवाय नको."

ही मुलगी माझी वाट बघते आहे की गोधडीची, तेच मला समजत नाही. जेवले नाही. रागाने एक अख्खी ओळ जोडली, टाके वाकडे आले.

६ जुलै

विहीणबाईंचा फोन. त्या आपण होऊन कधी करत नाहीत. आवाजात मध घालून बोलायची त्यांची सवय. आज मध नव्हता.

"विहीणबाई, रागावू नका, पण तुम्ही एकदा येऊन जा तिच्याकडे. ऑगस्ट जवळ आलाय. ती काही खात नाही. कॅलेंडर उतरवून ठेवलंय तिने भिंतीवरून."

मी म्हटलं, "मी येतेच आहे की बाळंतपणाला. तुमच्या लाडक्या सुनेनेच मला गोधडीला जुंपून ठेवलंय."

पलीकडे काही नाही. एक्स्चेंजमध्ये आम्ही मेलेल्या लाइनीला प्लगची काडी लावून बघायचो, त्यात जीव आहे का म्हणून. ही लाइन जिवंत होती. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तिने सांगितलं नाही तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल."

मग त्यांनी सांगितलं. एप्रिलच्या मध्यावर. पाचवा महिना होता. मुलगी होती. ठमीने काही उचललं नव्हतं, कुठे चढली नव्हती. डॉक्टर म्हणाले, कुणाचाच काही दोष नाही, असं होतं.

मी विचारलं, "मला का नाही कळवलं?"

"तिने शपथ घातली होती. आईला सांगू नका म्हणाली."

"का?"

विहीणबाई म्हणाल्या, "आता ते मी कशाला बोलू? आणि मी सांगितलं असं तिला म्हणू नका हं."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. मग पुन्हा उचलून नीट ठेवला.

७ जुलै

काही शिवलं नाही.

१२ जुलै

सगळ्यांचा राग येतो आहे. जावईबापूंचा येतो, झोपली आहे, झोपली आहे म्हणून मला फसवत राहिले. विहीणबाईंचा येतो, दोन्ही वेळा त्याच तिथे होत्या. वरची आज जिन्यात म्हणाली, "आता लेकीकडे कधी? दिवस भरत आले ना?" मी म्हटलं, "तुमच्या घरातलं दूध उतू जातंय, वास येतोय." ती धावत वर गेली. दूध बिध काही नव्हतं.

फाडूशेठच्या दुकानासमोरून गेले. त्याने आतून हात वर केला. मला एकदम ते सगळे वरच्या फळीवरचे तागे आठवले. मी आत गेले नाही. परक्या माणसाला तेव्हाच कळलं. मी स्टुलावर बसून त्याला आजकालच्या मुलींबद्दल सांगत होते.

घरी येऊन गोधडी पलंगावर पसरली. पहिली, पाळण्याएवढी, मधे आहे. तिच्याभोवती मेमधली. तिच्याभोवती जूनमधली. शर्टाच्या नमुन्यांची ती ओळ मी नेमकी तेव्हा जोडत होते. एप्रिलच्या मध्यावर. फार छान जमली आहे म्हणून मी त्या दिवशी रेडिओ लावला होता, आणि दोन वेळा चहा घेतला.

२८ जुलै

हाताला काम नसलं की मी भिंतीशी भांडते. म्हणून शिवत राहिले. शेवटची ओळ आज झाली, उरलेले सगळे कागद काढून झाले. अस्तर कापून, इस्त्री करून ठेवलं आहे. एक-दोन दिवसांचं काम उरलं आहे.

वरचीने येऊन पाहिली. एकेका तुकड्यावर बोट ठेवत कडेपर्यंत गेली. मग म्हणाली, "अहो, एकही कापड पुन्हा नाही की यात!" मी म्हटलं, "नियम आहे तसा." ती म्हणाली, "मग आता जा की लेकीकडे. थांबलात कशाला?"

बॅग माळ्यावरून काढून ठेवली. ठमीने सांगितलं आहे, पुरी झाली की ये. पुरी झाल्यातच जमा आहे. मी दारात उभी राहिले तर तिला मला आत घ्यावं लागेल. शब्द दिलाय तिने, आणि ती माझी मुलगी आहे, शब्द मोडायची नाही.

बॅगेत अजून काही भरलेलं नाही.

३ ऑगस्ट

दुपारी ठमीचा फोन आला. आपण होऊन.

"झाली का गं?"

तिच्या आवाजात काय होतं ते मला या वेळी ऐकू आलं. परीक्षेचा निकाल विचारावा तशी विचारत होती, आणि निकाल नको होता.

सिस्टरनी आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नाही. मला ते नीट जमतही नाही, तोंड लाल होतं. फोनवर तोंड दिसत नाही ते बरं.

"कुठली व्हायला," मी म्हटलं. "कापड कमी पडतंय. बाजारात होतं नव्हतं ते सगळं आणून झालं. आता कुठून आणू? अशीच पडून आहे. या महिन्यात तर होत नाही. पुढच्या महिन्यात होईलसं वाटत नाही."

"म्हणजे तू..."

"म्हणजे मी काही येत नाही इतक्यात. तू म्हणशील तेव्हा बघू. गोधडीचं काय, ती कुठे पळून जाते? आणि नाही झाली तर नाही झाली. कुणाच्या हाताने सगळं होतंच असं नाही. कुणाचा काही दोष नसतो त्यात."

पलीकडे खूप वेळ काही नव्हतं. मी 'हॅलो' म्हटलं नाही.

मग ती म्हणाली, "आई, माझ्याकडे आहे थोडं कापड."

"कसलं गं?"

"आहे. घेतलेलं होतं. कपाटात आहे." तिने श्वास घेतला. "पण फार लहान आहेत. लहान लहान आहेत सगळे."

"चालतील."

"अगदी एवढेसे आहेत, आई."

"चालतील, बाळ. घेऊन ये."

"मी येऊ?"

"ये. जिना चढताना कठड्याला धर," मी म्हटलं, आणि लगेच म्हटलं, "नाहीतर नको धरूस. कशीही ये."

ती शनिवारी येणार आहे. तिच्या झबल्या-टोपड्यांचे तुकडे कडेला लावता आले असते, कडेला हवी तेवढी जागा करता येते. मी लहान कात्री घेतली आणि मधोमध उसवायला सुरुवात केली.